बोलका आणि मुका

गोरेगाव ते सेनगाव रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपा धावायच्या, त्यातली एक माझा मित्र चालवायचा. मी सेनगावच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवायला जात होतो. रोज सकाळी त्याच्याच जीपमध्ये, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचो. ती जागा तो दुसऱ्या कुणाला देत नसे. मैत्री हे एक कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. आदल्या दिवशीचं आमचं भांडण अर्धं राहिलेलं असायचं.

भांडण कायम एकच: दोन सिनेदिग्दर्शकांपैकी मोठा कोण. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. नाव वाचलं की वाचणारा लगेच आपली बाजू घेऊन बसतो, आणि मला जे सांगायचंय ते बाजूला पडतं. तसंही आम्ही त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. माझ्या दिग्दर्शकाला तो 'बोलका' म्हणायचा आणि त्याच्या दिग्दर्शकाला मी 'मुका' म्हणायचो. चिडवायला ठेवलेली नावं, पण पुढं दोघांच्याही तोंडी तीच बसली.

बोलक्याच्या सिनेमात माणसं मनातलं सगळं बोलून टाकायची. कोर्टात बोलायची, देवळात बोलायची, मरताना तर हमखास बोलायची. टॉकीजमध्ये माणसं उभी राहून शिट्ट्या मारायची आणि बाहेर पडताना डोळे पुसायची. मुक्याचे सिनेमे आमच्याकडच्या टॉकीजला यायचेच नाहीत. रविवारी दुपारी कधीतरी दूरदर्शनवर लागायचे आणि निम्म्यात लाइट जायची. त्याची माणसं पाणी भरायची, जनावरं सोडायची, कुणाची तरी वाट बघायची. कॅमेरा आपला लांब उभा.

आमची ओळख हिंगोलीच्या कॉलेजात झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तो गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. एकदा आमच्या एका प्राध्यापकांनी कुठून तरी प्रोजेक्टर आणि मुक्याच्या सिनेमाची रिळं आणली. हॉल भरला होता, पण अर्ध्या तासात पोरं उठून गेली. मी थांबलो, कारण माझ्या एसटीला वेळ होता. सिनेमा संपल्यावर पायऱ्यांवर हा एकटाच बसलेला दिसला.

मी म्हणालो, "काय होतं रे हे? काहीच झालं न्हाई की."

"काहीच झालं न्हाई? पोरगी गेली ना घर सोडून."

"कोणती पोरगी? कवा गेली?"

"बाप अंगणात सुपारी कातरत बसला होता बघ. तवाच. डाव्या कोपऱ्यात, दाराच्या मागून. चपला हातात घेऊन गेली."

मी सबंध वेळ बापाकडं बघत होतो. तो अडकित्ता चालवत होता आणि मी कंटाळून त्याच्या हाताकडं बघत बसलो होतो. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, व्हय, जाते ती, पण पहिल्या खेपेला कुणाला दिसत नाही.

मी त्याला म्हणालो, "मग काय उपयोग? ज्याला दाखवायचं त्यालाच दिसत नसंल तर सिनेमा कशाला काढायचा? माझा दिग्दर्शक असता तर पोरगी उंबऱ्यावर थांबली असती, बापाकडं बघून रडली असती."

"आन् बापाला दिसली असती. मग गेली कशाला असती?"

याचं उत्तर शोधण्यात पुढची बरीच वर्षं गेली.

बी.ए. झालो, पण नोकरी दोघांनाही नाही. मी शाळेत लागलो ते अनुदान येईल या आशेवर. त्याच्या मामानं जुनी जीप घेतली होती, ती तो चालवू लागला. त्याचं लग्न झालं, दोन लेकरं झाली. माझंही झालं. गाडीत मागं माणसं कोंबलेली, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पायाशी खताची पिशवी, आणि पुढं आमचं चाललेलं असायचं: संवाद मोठा की शांतता मोठी. गोरेगावचा एक कापडाचा व्यापारी बाजाराच्या दिवशी गठ्ठे घेऊन आमच्याच गाडीत यायचा. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज भारदस्त. आमचं ऐकून ऐकून तो न्याय द्यायचा, "मियाँ, दोन्ही बराबर. आता गाडी बराबर चालवा."

माझ्या मित्राची बायको, म्हणजे वहिनी, या सगळ्याला वैतागलेली होती. मी तांड्यावर गेलो की चहा पुढं ठेवून म्हणायची, "भाऊजी, ते दोघं कोन कुठले, तुमाला वळखत बी न्हाईत. तुमी काहून घसा कोरडा करून राहिले?"

तो हसायचा. म्हणायचा, "तुला न्हाई कळायचं."

खरं तर त्याच्याशी भांडण्यात मजा होती ती त्याच्या डोळ्यांमुळं. पडद्याच्या कडेला काय चाललंय ते त्याला बरोबर दिसायचं. नायक मधे उभा राहून बोलत असताना हा मागच्या खिडकीतली बाई बघायचा. बोलक्याच्या सिनेमातसुद्धा कडेला उभे राहिलेले एक्स्ट्रा लोक हसताना, जांभई देताना त्यानं पकडले होते. मग मला गाडीत सांगायचा, "तुझा हिरो मरून राहिला होता मास्तर, आन् मागं एक जण कान खाजवून राहिला होता. तुझ्या बोलक्याला कडा सांभाळता येत न्हाईत."

पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला. शाळेला अनुदान सुरू झालं आणि मी घरी रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर घेतला. नांदेडला गेलो की सीडी घेऊन यायचो. एका रविवारी मुक्याच्या एका सिनेमाची सीडी मिळाली म्हणून त्याला बोलावून घेतलं. दुपारचीच वेळ होती. आम्ही दार लोटून बसलो.

सिनेमात एक म्हातारी बाजेवर पडलेली असते आणि सून तिचे पाय चेपत असते. बराच वेळ तेवढंच. मग माझ्या लक्षात आलं की उजव्या कडेला, कोनाड्याजवळ, एक माणूस उभा आहे आणि तो डब्यातून काहीतरी काढून घेतोय. मी गप्प राहिलो. म्हटलं, आता हा बोलेल. तो बोलला नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाला, "ह्या वेळी जरा संथ झालाय गड्या."

"डब्यातून काय काढलं त्यानं?"

"कोनी?"

"त्या माणसानं. कोनाड्याजवळच्या."

"कोनी माणूस नव्हता तिथं."

मी सीडी मागं नेली. तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला. मी बोट लावून दाखवलं, तेव्हा त्यानं मान वळवली आणि मग त्याला दिसलं.

"मला काहून दिसलं न्हाई?" तो म्हणाला.

"म्हातारा झालास," मी म्हणालो. आम्ही पस्तिशीच्या आसपास होतो. दोघंही हसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कडेचं काहीतरी मला आधी दिसलं होतं आणि मी त्याचा आनंद घेतला. यात काही आजार असेल असं तेव्हा कुणाच्या मनात येणार?

मग बारीकसारीक गोष्टी होत राहिल्या. तो दाराच्या चौकटीला खांदा धडकवायचा. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडायचा. डोकं दुखतंय म्हणायचा आणि अमृतांजन चोळून गाडीवर बसायचा. हिंगोलीतल्या दुकानातून त्यानं चष्मा केला, मग वर्षभरात नंबर बदलला. वहिनी म्हणायची, "हे चालता चालता लेकरावर पाय देतेत, ध्यान कुठं असतंय यांचं?" सगळ्यांना वाटायचं, याच्या डोक्यात सिनेमा चालू आहे.

ते दिवस दिवाळीनंतरचे होते. सोयाबीन निघून गेलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर डोक्याइतकी उभी होती. शाळा सुटल्यावर मी सेनगावहून त्याच्याच गाडीनं परत निघालो. ऊन कलतं झालं होतं पण उजेड चांगला होता. मागं सात-आठ माणसं, त्यात तो कापडवाला व्यापारीही होता. बोलक्याचा नवा सिनेमा आला होता आणि मी त्याबद्दल बोलत होतो. बोलत मी होतो. तो गप्प होता. समोर रस्त्याकडं बघत होता.

डावीकडं, तुरीच्या शेतातून जी पायवाट रस्त्याला मिळते, तिच्यावरून एक म्हातारा सायकल घेऊन आला. सायकलच्या मागं गवताचा भारा होता. मला तो चांगला दुरूनच दिसला. रस्ता मोकळा होता, दुसरं वाहन नव्हतं. म्हाताऱ्यानं रस्त्यावर सायकल घातली आणि वर चढायला पाय उचलला. मला वाटलं, आता हा ब्रेक मारेल. गाडी त्याच वेगानं जात राहिली. मी "अरे!" म्हणून ओरडलो तेव्हा फार उशीर झाला होता.

आवाज मोठा झाला नाही. गवताचा भारा सुटला आणि रस्ताभर हिरवं पसरलं. मित्र खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या तोंडातून एकच निघत होतं, "कुठून आला? मास्तर, कुठून आला हा?"

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. त्यानं हात वर केले नाहीत, तोंड झाकलं नाही. कापडवाला मधे पडला, "आधी म्हाताऱ्याला उचला, याला नंतर मारा," म्हणून ओरडला. त्याच जीपमध्ये म्हाताऱ्याला घातलं, गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवली. मी मागं बसलो. म्हाताऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिंगोलीचा दवाखाना यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला. मला ते कळलं होतं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. गाडी जोरात चालली होती, ती चालू द्यावी असं वाटलं.

पोलीस ठाण्यात प्रवाशांचे जबाब झाले. दोघांनी सांगितलं, हे दोघं रोज सिनेमावरून भांडत असतात, आजही तेच चालू होतं. मी सांगितलं की बोलत मी होतो, त्याची नजर रस्त्यावर होती. कापडवाल्यानंही तेच सांगितलं. जमादार म्हणाला, "मास्तर, नजर रस्त्यावर होती तर माणूस उडाला कसा?"

मलाही तेच कळत नव्हतं.

आठवडाभरात सगळीकडं एकच झालं: सिनेमाच्या गप्पांच्या नादात माणूस मारला. गोरेगावच्या चहाच्या टपरीवर मी गेलो की माणसं बोलायची थांबायची. माझ्या शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि येण्याजाण्यासाठी एसटी वापरत जा, असं सांगितलं. मी हो म्हणालो.

जामिनावर सुटून तो घरी आला, तेव्हा मी तांड्यावर गेलो. तो बाजेवर बसला होता. वहिनीनं बाजूनं येऊन पाण्याचा गिलास त्याच्यापुढं धरला. तो समोर बघत बसून राहिला. वहिनी तशीच उभी. तिला वाटलं, दुःखात आहे, घेत नाही. ती म्हणाली, "घ्या ना." तेव्हा त्यानं मान वळवली, दचकला, आणि गिलास घेतला.

मला एकदम तो कोनाड्याजवळचा माणूस आठवला. मी उठलो, त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "माझ्या नाकाकडं बघ. डोळे हलवू नको." मग मी माझा हात त्याच्या कानाजवळून हळूहळू पुढं आणला. "हात दिसला की सांग."

हात जवळजवळ माझ्या गालापर्यंत आला, तेव्हा तो म्हणाला, "दिसला."

वहिनीनं तोंडावर पदर धरला. दुसऱ्या बाजूनंही तेच झालं. तो म्हणाला, "असंच दिसतंय की सगळ्यांना. न्हाई का?"

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मीच त्याला घेऊन गेलो. तिथं एक पांढऱ्या मोठ्या वाटीसारखं यंत्र होतं. त्यात डोकं ठेवून समोर बघायचं आणि आत कुठं बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. तो मन लावून बसला. परीक्षेला बसल्यासारखा. बाहेर आल्यावर डॉक्टरांना म्हणाला, "एकबी दिवा सोडला न्हाई साहेब. फक्त मधे मधे लई वेळ दिवे लागतच नव्हते."

डॉक्टर म्हणाले, "लागत होते."

काचबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नजर कडेनं जात जाते, दुखत नाही, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली परत येत नाही. थेंब घालायचे, उरलेली टिकवायची. टिकेलच असं नाही. गाडी आजपासून बंद.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. कळमनुरी मागं पडली. मग म्हणाला, "म्हणजे त्यो म्हातारा होता तिथं. मी बघून राहिलो होतो आन् त्यो होता."

मी म्हणालो, "हे कोर्टात सांगू. डॉक्टरचा कागद आहे. तुझी चूक न्हाई."

"कोर्टात नंतर. आधी त्यांच्या घरी जाऊ."

मी नको म्हणालो. वहिनीनंही अडवलं. पण तो ऐकेना. तेरावं होऊन गेल्यावर आम्ही दोघं म्हाताऱ्याच्या गावी गेलो. म्हाताऱ्याचा मुलगा आमच्याच वयाचा होता. ओसरीत तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. माझ्या मित्रानं उभ्यानंच सगळं सांगितलं, डोळ्यांचं, यंत्राचं, डॉक्टर काय म्हणाले त्याचं.

मुलगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दिसत नव्हतं तर गाडी काहून चालवत होता?"

"दिसत न्हाई हे बी दिसत नव्हतं मला."

"माझ्या बापाला तर दिसत होतं ना? त्याला वाटलं असंल, गाडीवाल्याला आपण दिसून राहिलो. म्हणून तर चढला त्यो रस्त्यावर."

मुलगा खाली वाकून वाळत घातलेल्या शेंगा हातानं पसरू लागला. मग म्हणाला, "आता जा तुमी. चहा घ्या म्हणू का तुमाला? जा."

आम्ही निघालो. पायवाटेवर मित्राचा पाय एका दगडाला अडखळला, मी हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. तेव्हापासून तो माझा हात धरूनच चालू लागला.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. शेवटी साक्षीदार आलेच नाहीत, आले ते नीट बोलले नाहीत, आणि तो सुटला. सुटका झाली त्या दिवशी त्याच्या घरात कुणाला आनंद झाला नाही. तोवर त्याच्या उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं आणि डाव्यातलं एक छोटंसं भोक उरलं होतं. वहिनी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागली. जीप मामानं दुसऱ्याला देऊन टाकली.

मी रविवारी जात राहिलो. सुरुवातीला सिनेमाचा विषय आम्ही टाळायचो. पण मग बोलायचं काय? दुसरं कधी काही बोललोच नव्हतो. त्यांच्या घरात आता टीव्ही होता. लेकरं दिवसभर तो लावून ठेवायची आणि त्यावर बोलक्याचे जुने सिनेमे सारखे लागायचे. हा बाजेवर पडून ऐकायचा. एकदा मी गेलो तर म्हणाला, "मास्तर, तू जिंकलास."

"काय झालं?"

"तुझा बोलका सगळा ऐकू येतो. कोन मेलं, कोनी मारलं, कोन रडून राहिलं, सगळं समजतं. माझा मुका मला आता काहीच सांगत न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई रे, मुक्यात जे आहे ते बोलक्यात कुठं. तूच म्हणायचास ना..." आणि मी त्याचेच जुने मुद्दे त्यालाच सांगू लागलो. शांतता, कडा, न सांगता सांगणं. सगळं मला पाठ होतं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझी बाजू माझ्यासाठी लढू नको. कीव येते तुझ्या आवाजात."

पुढच्या खेपेला मी माझा सीडी प्लेअर पिशवीत घालून तांड्यावर नेला. मुक्याचा एक सिनेमा, त्यानं न पाहिलेला. म्हणालो, बघू, मी सांगत जातो. वहिनी त्या दिवशी घरीच होती, गहू निवडत बसली होती. सिनेमा सुरू झाला. वारा, भांड्याचा आवाज, पावलं. मी सांगायला लागलो, एक बाई आली, बसली, उठली. तो म्हणाला, "हजेरी घेऊन राहिला का तू?" वहिनी हसली. मग तिनंच सूप बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली, त्यांच्या घरच्या बोलीत. मला त्यातलं निम्मंच कळायचं. पण ती सांगायची ते वेगळंच होतं. बाईच्या पदराला ठिगळ आहे. पाणी थोडं आहे म्हणून ती घागर तिरकी करून बुडवते. तो डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच हुंकार द्यायचा. फार दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला दिसला.

मग पडद्यावर एक रस्ता आला. लांबच लांब, दोन्ही बाजूंना पीक. कॅमेरा नेहमीसारखा दूर उभा. रस्त्याच्या टोकाकडून एक माणूस सायकलवरून येत होता.

वहिनी थांबली.

"आता काय?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," ती मराठीत म्हणाली. "रस्ता हाय. मोकळा."

सायकलवाला जवळ येत होता. मुक्याच्या सिनेमात कुणी लवकर येत नाही. तो येतच राहिला. मी रिमोट शोधू लागलो, तो लेकरांनी कुठं टाकला होता कुणास ठाऊक. आणि मग सायकलची घंटी वाजली.

तिघंही बसलो होतो तसेच राहिलो. घंटी पुन्हा वाजली.

"मोकळा न्हाई तो," मित्र म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "म्हातारा हाय का?"

वहिनी म्हणाली, "न्हाई. जवान पोरगं हाय. चाललं ते. गेलं निघून." आणि ते खरंच तसं होतं. तो जवान पोरगाच होता आणि तो काही न होता निघून गेला. पण तिनं ते आधी सांगितलं नव्हतं.

"बंद कर," तो म्हणाला.

मी उठून टीव्ही बंद केला. वहिनी सूप घेऊन अंगणात गेली. बाहेर ती गहू पाखडत होती आणि मधेच पाखडणं थांबत होतं. तो म्हणाला, "तिला वाटतं, मला आठवण येऊ नये. मी इसरतोच कवा?"

मग त्यानं मला पहिल्यांदाच सांगितलं. त्याला ती धडक आठवतच नव्हती. सगळ्यांनी सांगितलेली आठवत होती. त्याच्या मनात जे चित्र होतं त्यात रस्ता रिकामा होता, ऊन होतं, मी बोलत होतो, आणि मग अचानक गवत. म्हातारा त्यात कुठंच नव्हता. "रोज बघतो मी तो रस्ता," तो म्हणाला, "लई शोधतो त्याला. दिसत न्हाई."

त्यानंतर आम्ही एकत्र सिनेमा पाहिला नाही. मी सीडी प्लेअर घेऊन परत गेलो.

काही वर्षांनी मुक्याचा एक सिनेमा आला आणि कधी नव्हे तो नांदेडच्या टॉकीजला लागला. मित्रानं रेडिओवर ऐकलं होतं. मला निरोप पाठवला, बघून ये आणि खरं सांग. मी एकटाच गेलो. टॉकीजमध्ये मोजकी माणसं होती. सिनेमा वाईट होता. मुक्याला काय झालं होतं कुणास ठाऊक, त्याची माणसं बोलू लागली होती. सारखं बोलत होती, आणि तेही वाईट बोलत होती. माझ्या बोलक्याच्या नखाची सर नव्हती त्याला. बाहेर आलो तेव्हा मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी तांड्यावर गेलो. तो आता पूर्ण अंध झाला होता. बाज दारातच टाकलेली. वाटेत मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "सांग," तेव्हा मला ते जमलं नाही.

"बेकार आहे," मी म्हणालो. "सगळे बोलतेत. जे दिसून राहिलंय तेच परत तोंडानं सांगतेत."

त्यानं माझा हात सोडला नाही. मग म्हणाला, "थकला असंल. माणसानं किती दिवस गप राहायचं?"

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं. पण तू खरं बोललास ते बरं वाटलं. मधे लई दिवस तू बोललाच न्हाईस माझ्याशी." मग जरा थांबून, "तरी तुझ्या बोलक्यापेक्षा मोठाच त्यो. एक सिनेमा पडला म्हणून माणूस लहान होत न्हाई."

"एक कशाला, मागचे दोन बी पडलेलेच होते," मी म्हणालो.

"कोनते दोन? नावं सांग." तो बाजेवर उठून बसला.

त्या दुपारी आम्ही भांडलो. वहिनी चहा ठेवून गेली, तो निवून गेला, तिनं पुन्हा गरम करून आणला आणि म्हणाली, "झालं का सुरू तुमचं?" तिच्या आवाजात राग नव्हता.

त्या उन्हाळ्यात त्याला ताप आला. तांड्यावरच्या माणसांनी आधी साधा समजला. हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. मी पोचलो तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडं गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मातीला मेंदीच्या दाढीचा तो कापडवालाही आला होता. फार थकला होता, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

वहिनी पुढं मुलाबरोबर पुण्याकडं गेली. मुलगा तिकडं एका कारखान्यात लागला. दिवाळीला कधी तिचा फोन येतो. लेकरांचं सांगते, गुडघे दुखतात म्हणते.

मी अजून सिनेमे बघतो. आता सगळंच मिळतं, मुक्याचे ते जुने सिनेमेसुद्धा, घरबसल्या. बघून झालं की मला तो सिनेमा आवडतो किंवा आवडत नाही. तेवढंच होतं. तू चुकतोस, असं म्हणणारं कुणी नाही, म्हणून मी टीव्ही बंद करतो आणि जेवायला बसतो.